जिल्हा रुग्णालयातील दिव्यांग तपासणी आणि यूडीआयडी कार्ड : कंबरदुखीच्या रुग्णाला यातून काय मिळते?

वर्षानुवर्षे कंबरदुखी सोसणाऱ्या माणसाला शासनाची दिव्यांगत्व प्रमाणपत्राची सेवा कितपत उपयोगी पडते, याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही. या सेवेचा लाभ घेण्यासाठी मी स्वतः अर्ज केला, तपासणी करून घेतली आणि प्रमाणपत्रही मिळवले, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. माझ्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकलेली आहे, तिच्या खालची गादी झिजलेली आहे, आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ उतरते. सलग बसणे आणि सलग उभे राहणे या दोन्ही गोष्टी मला जमत नाहीत. माझा निष्कर्ष आधीच सांगतो : अर्ज करण्याची सोय चांगली आहे, तपासणीच्या दिवसाची व्यवस्था कंबरदुखीच्या रुग्णाचा विचार करून केलेली नाही, आणि दिव्यांगत्व मोजण्याच्या पद्धतीत वेदनेला जवळपास जागाच नाही. पाचपैकी अडीच गुण द्यावेत असे मला वाटते, आणि त्यांतील बराचसा वाटा त्याच रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागाचा आहे.

१ जून २०२१ पासून देशभर दिव्यांगत्व प्रमाणपत्र केवळ स्वावलंबन या यूडीआयडी (म्हणजे दिव्यांगांसाठीचे देशभरचे एकच ओळखपत्र) संकेतस्थळावरूनच दिले जाते. छायाचित्र, स्वाक्षरी, आधार आणि पत्त्याचा पुरावा एवढ्यावर अर्ज भरता येतो, अर्ज कुठपर्यंत पोहोचला ते घरबसल्या पाहता येते, आणि मंजुरीनंतर कार्डही तेथूनच उतरवून घेता येते. पूर्वी प्रमाणपत्र एका जिल्ह्याचे आणि ते ओळखायला दुसऱ्या जिल्ह्याचे कार्यालय तयार नाही, असा प्रकार होत असे. आता देशभर चालणारा एकच क्रमांक मिळतो, ही मोठी सुधारणा आहे. मात्र अर्ज भरताना कंबरदुखीचा रुग्ण पहिल्यांदा अडखळतो तो दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार दिलेले आहेत आणि त्यांत पाठदुखी किंवा मणक्याचा आजार या नावाची नोंद नाही. आपला समावेश अस्थिव्यंगात होतो, त्यामुळे तोच पर्याय निवडावा आणि तपासणीसाठी आपल्या जिल्ह्यातील रुग्णालय निवडावे.

तपासणीच्या दिवसाविषयी मात्र तक्रार करावीशी वाटते. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण इतर जिल्ह्यांतील रुग्णांकडूनही हेच ऐकले आहे. केसपेपरची रांग एका इमारतीत, एक्स-रे दुसऱ्या इमारतीत आणि तपासणी करणारे डॉक्टर तिसऱ्या ठिकाणी, अशी मांडणी होती. बसायला पाठ नसलेली बाकडी होती आणि तीही भरलेली. ज्याला उभे राहिल्यावर पाय बधिर होतो आणि बसल्यावर कळ येते, त्याने हा वेळ कसा काढायचा याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. क्रमांकाची चिठ्ठी आणि अंदाजे वेळ दिली, तर रुग्ण जवळपास कुठेतरी आडवा होऊन थांबू शकेल; यासाठी वेगळा निधीही लागणार नाही. माझ्यापुढे बाजार समितीत आयुष्यभर पोती वाहिलेले एक हमाल होते. ते शेवटी चादर पसरून व्हरांड्यात झोपले, आणि शिपायाने त्यांना उठवले नाही, याबद्दल त्या शिपायाचे मला मनापासून कौतुक वाटले.

डॉक्टरांचे वागणे सौजन्याचे होते. पुढे वाकायला सांगणे, उताणे झोपवून पाय सरळ उचलून पाहणे, टाचांवर आणि चवड्यांवर चालवणे, गुडघ्यावर हातोडी मारून पाहणे, पायाच्या अंगठ्यातील ताकद तपासणे, आणि मग एमआरआयचा अहवाल वाचणे, असा क्रम होता. तपासणी नेमकी होती, घाईत असूनही काही वगळलेले नव्हते. परंतु मी किती वेळ बसू शकतो, किती चालू शकतो, रात्री किती वेळा जाग येते, पायात मोजे घालता येतात का, हे कोणीही विचारले नाही. मला वाटले होते की हे विचारणे राहून गेले असेल. नियम वाचल्यावर समजले की विचारण्याची तरतूदच नाही.

हा भाग या सेवेचा गाभा आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी दिव्यांगत्व मोजण्याच्या मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. मणक्याच्या अपघाती इजा आणि वाकडेपणा यांसाठी त्यांत वेगळे निकष आहेत. उरलेल्या, म्हणजे वेदना आणि ताठरपणा निर्माण करणाऱ्या आजारांसाठी एक छोटा तक्ता आहे. नुसती वेदना असेल, स्नायू आखडलेले नसतील आणि वेदनेला दुजोरा देणारा दोष तपासणीत दिसत नसेल, तर टक्केवारी शून्य. वेदना, सतत आखडलेले स्नायू आणि ताठरपणा असून प्रतिमेत, म्हणजे एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये, सौम्य बदल दिसत असतील तर २० टक्के, मध्यम बदल असतील तर २५ टक्के, मणक्याच्या एखाद्या भागात तीव्र बदल असतील तर ३० टक्के, आणि तीव्र बदल संपूर्ण कण्यात असतील तर ४० टक्के. आता कायद्यातील बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासूनच सुरू होतात. याचा अर्थ असा की, या तक्त्यातून जाणाऱ्या रुग्णाला लाभाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यासाठी मानेपासून माकडहाडापर्यंतचा सगळा कणा खराब झालेला असावा लागतो. कमरेच्या दोन गाद्यांनी ज्याची नोकरी धोक्यात आली आहे, तो यात कधीच बसत नाही.

अडचण अशी की प्रतिमेतील बदल आणि वेदना यांचे प्रमाण जुळत नाही, हे वैद्यकशास्त्रालाच मान्य आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या वीस वर्षांच्या तरुणांपैकी सुमारे ३० टक्के आणि ऐंशी वर्षांच्या वृद्धांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. म्हणजे ‘मणक्यात गॅप आहे’ असे ऐकून घाबरलेल्या अनेकांना त्या गॅपपासून काहीच त्रास होत नसतो, आणि याउलट चित्र सौम्य असूनही अंथरुणाला खिळलेले रुग्ण असतात. अशा वेळी केवळ चित्रावरून टक्केवारी ठरवणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शासनाची बाजूही मला समजते. वेदना दाखवता येत नाही, तिचे सोंग आणता येते, आणि बोगस प्रमाणपत्रांची जी प्रकरणे २०२४ मध्ये गाजली, त्यांनंतर महाराष्ट्रात तपासणी अधिक कडक झाली. खरा दिव्यांग डावलला जाऊ नये यासाठी पुरावा मागितलाच पाहिजे. पण पुरावा चित्राचाच असला पाहिजे असे नाही. कंबरदुखीमुळे दैनंदिन जीवनावर किती परिणाम झाला आहे, हे मोजण्यासाठी ओस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली १९८० पासून जगभर वापरात आहे. तिच्यात उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, प्रवास असे दहा विभाग आहेत, आणि तिच्या मराठी आवृत्तीची विश्वासार्हता तपासणारा अभ्यासही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. ती एकटी पुरेशी नाही. परंतु डॉक्टरांची तपासणी, दोन-तीन वर्षांच्या उपचारांची कागदपत्रे आणि ही प्रश्नावली एकत्र ठेवली, तर सोंग आणि आजार यांतील फरक आजच्यापेक्षा अधिक चांगला कळेल.

मला २५ टक्के दिव्यांगत्वाचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले. ४० टक्क्यांखालील असल्याने कार्ड पांढरे आहे. ४० टक्क्यांपासून पिवळे आणि ८० टक्क्यांपासून निळे कार्ड मिळते. पांढऱ्या कार्डाचा व्यवहारातील उपयोग जवळजवळ नाही. ४० टक्के असते तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळाली असती, जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची वजावट घेता आली असती आणि शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी पात्रता आली असती. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झाले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला चार हजारांहून थोडे अधिक कमावणारे कुटुंबही त्यातून बाहेर पडते. ज्या हमालांचा वर उल्लेख केला, त्यांचा मुलगा कुठेतरी रोजंदारी करीत असेल, तर तहसील कार्यालयात त्यांचा अर्ज टिकणे कठीण आहे. रेल्वेची सवलत यूडीआयडी कार्डावर आपोआप मिळते असा अनेकांचा समज असतो. अस्थिव्यंगांपैकी सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या व्यक्तींनाच ती मिळते आणि तिचे प्रमाणपत्र वेगळे असते, हे लक्षात ठेवावे.

नोकरीचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढू नये किंवा त्याची पदावनती करू नये, असे अधिनियमाचे कलम २० सांगते, पण ते शासकीय आस्थापनांपुरते. खासगी कार्यालयात, दुकानात, कारखान्यात बसून किंवा वाकून काम करणाऱ्याची कंबर गेली, तर उंच टेबल किंवा मध्ये उठण्याची मुभा ही मालकाच्या मर्जीची बाब राहते. माझ्या पतसंस्थेने मला उभे राहून काम करण्यासाठी टेबल दिले, म्हणून माझी नोकरी टिकली आहे.

आता चांगल्या भागाकडे येतो. त्याच रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागाला मी पूर्ण गुण देतो. याआधी एका खासगी दवाखान्यात मला कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कणा ताणणे) आणि शेक यांवर बराच खर्च करायला लावला गेला होता, आणि व्यायाम म्हणून एक छापील कागद हातात दिला गेला होता. येथील फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच भेटीत पट्टा हळूहळू सोडायला सांगितला, पालथे झोपून कोपरांवर छाती उचलण्यापासून सुरुवात केली, आणि प्रत्येक व्यायामाने पायातील कळ वर सरकते की खाली उतरते याची नोंद ठेवायला शिकवले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही व्यायाम, रुग्णाला आजार समजावून सांगणे आणि मानसोपचाराची जोड यांवर भर आहे, तर पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामके नियमितपणे देऊ नयेत असे म्हटले आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे हे सारे मला विनाखर्च मिळाले. उणीव एकच, आणि ती रोजंदारीवरच्या माणसाला फार जाचते : विभाग सकाळच्या वेळेतच चालतो, आणि नियमित उपचार घ्यायचे म्हणजे कामाचा खाडा अटळ. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, परंतु तिचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या व्यायामोपचाराचा भार तिच्यातून हलका होत नाही.

एक गोष्ट या परीक्षणाच्या ओघात सांगणे मला आवश्यक वाटते. जांघेच्या आणि गुदद्वाराच्या भोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी झाली, तर प्रमाणपत्र, रांग आणि व्यायाम सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावे. अशा वेळी शस्त्रक्रियेला झालेला उशीर कायमचे नुकसान करतो.

जे अर्ज करणार आहेत त्यांनी जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीच्या नोंदी आणि सर्व प्रतिमा तारखेनुसार लावून न्याव्यात. आपण किती वेळ बसू, उभे राहू आणि चालू शकतो, हे एका पानावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवावे आणि ते कागदपत्रांत जोडण्याची विनंती करावी. तक्त्यात त्याला गुण नसले तरी अपिलाच्या वेळी ते उपयोगी पडू शकते. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. मी अपील केलेले नाही, कारण माझी टक्केवारी नियमाप्रमाणेच आहे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांची त्यात काही चूक नाही. नियमाविषयीचे म्हणणे मी पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला आणि केंद्रीय दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाला लेखी कळवले आहे. ज्यांची प्रमाणपत्रे तात्पुरती आहेत, त्यांनी मुदत संपण्याची वाट न पाहता फेरतपासणीची तारीख आधीच मागावी आणि नवीन एमआरआय लागेल का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.