मायएसक्यूएल की पोस्टग्रेस: गावात घरी शिकताना लॉगिन अडलं तर?

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही माहिती साठवणारी दोन डेटाबेस सॉफ्टवेअर. त्यांच्या वेगाची आणि फीचर्सची तुलना कुठेही वाचायला मिळते. पण यवतमाळ-वाशिमकडच्या गावात घरी डेटाबेस टाकणाऱ्या बीसीएच्या पोरापोरींना लॉगिन अडलं की विचारायला शेजारी कोणी नसतं. क्लास तालुक्याला. म्हणून मी एवढंच पाहतो, की या दोन्हींपैकी कशात अडलेला माणूस एकट्याने बाहेर पडू शकतो.

आधी एक खात्री करा. लाइन जाऊन आली की सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा डेटाबेसचा सर्व्हर, बंद राहिलेली असू शकते. मायएसक्यूएल २००२ किंवा २००३ नंबरची एरर दाखवत असेल, पोस्टग्रेस ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणत असेल, तर पासवर्डला हात लावू नका, सर्व्हिस सुरू करा. १०४५ नंबरची एरर आली म्हणजे सर्व्हर जागा आहे, ओळख पटत नाही. त्याच ओळीत ‘युजिंग पासवर्ड: नो’ असेल तर तुमचा पासवर्ड तिथवर पोचलेलाच नाही. इतकं स्पष्ट सांगणं ही मायएसक्यूएलची जमेची बाजू.

तरी जास्त घोळ तिथेच होतो. कॉलेजच्या पीएचपी (वेबसाइट बनवायची भाषा) प्रोजेक्टसाठी झँप, म्हणजे पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज, आधीच टाकलेलं असतं. त्यात मारियाडीबी हा मायएसक्यूएलचाच भाऊबंद डेटाबेस येतो, रूट या मुख्य खात्याला पासवर्ड नसतो आणि पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, मायएसक्यूएलचाच, ३३०६. मग मायएसक्यूएल वेगळं टाकलं की पासवर्ड एका सर्व्हरचा आणि दार दुसऱ्याचं, असं होतं. झँपमधला डेटाबेस बंद करून पुन्हा लॉगिन करून बघा. शिवाय मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि होस्ट (कुठल्या कॉम्प्युटरवरून येता ते) मिळून एक. ‘रूट’ लोकलहोस्टवरचा, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरचा, वेगळा, बाहेरून येणारा वेगळा, दोघांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. नवशिक्याला हे कळायला वेळ लागतो.

पोस्टग्रेसमध्ये नाव एकच. कोण कुठून, कसा येईल हे पीजी-एचबीए नावाच्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. पासवर्ड विसरलात तर फाइलची प्रत ठेवा, १२७.०.०.१ (आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता) आणि त्याखालची आयपीव्ही-६ ची (तोच पत्ता दुसऱ्या पद्धतीने), अशा दोन्ही ओळींत शेवटचा शब्द ‘ट्रस्ट’ (पासवर्डशिवाय आत सोडा) करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आत जाऊन पासवर्ड बदला आणि फाइल लगेच पूर्ववत करा. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी सर्व्हिस थांबवून, पासवर्ड बदलायची आज्ञा वेगळ्या फाइलमध्ये लिहून सर्व्हर हाताने चालवावा लागतो. जमतं, पण घाम निघतो. आणि हो, पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर दाबा.

उबुंटू या लिनक्सवर दोन्ही सारखेच. मायएसक्यूएलचा रूट सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी आज्ञा) लावूनच आत जातो, आणि पोस्टग्रेस ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणाला तर सुडोनेच पोस्टग्रेस युजर होऊन शिरा.

प्रॅक्टिकल पीएचपीचं असेल तर झँपच पुरे, वेगळं मायएसक्यूएल टाकू नका. एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) नीट शिकायचं असेल तर माझं मत पोस्टग्रेसला. त्याचं पोर्ट ५४३२, त्यामुळे झँप शेजारी राहिलं तरी अडचण येत नाही.