पेशीपटल दाखवायचंय: कांदा घ्यावा की बीट?

विज्ञान प्रदर्शनासाठी फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशीपटल ज्या मेदाचं बनतं तो, हा विषय घेतला, तर नाशिकात पहिला हात कांद्याकडेच जाणार. घरात आहे, पुस्तकातही आहे. तरी माझं मत बिटाला, आणि ते का ते सांगते.

फॉस्फोलिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याशी जमवून घेतं, मेदाम्लांच्या दोन शेपट्या मात्र पाण्यापासून लांब पळतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू आपोआप दुहेरी थर धरतात: शेपट्या आत, डोकी बाहेर. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशींवरून पेशीपटलाची हीच रचना मांडली. थराची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणं शक्यच नाही, दिसतो तो त्याचा परिणाम.

कांदा घेणार असाल तर लाल घ्या, साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा आतून फिका निघतो. पाकळीच्या बाहेरच्या अंगाचा जांभळा पापुद्रा सोलून त्यावर मिठाचं पाणी सोडलं, की रंगीत ऐवज पेशीभित्तिकेपासून सुटून आकसतो. हाच रससंकोच. साधं पाणी दिलं की पुन्हा फुगतो. आयोडीन आधी घालू नका, त्याने पेशी मरते आणि मग काहीच हलत नाही. दिसायला झकास, पण भिंगाला एका वेळी एकच डोळा लागतो आणि मागे रांग. शिवाय पाणी जातं, रंग आतच राहतो, एवढंच कळतं. पटल कशाचं बनलंय ते कळत नाही.

बिटाचं तसं नाही. सारखे तुकडे कापून नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, कारण कापलेल्या पेशींचा रंग आधीच सुटलेला असतो. मग तीन ग्लास: साधं पाणी, स्पिरिट, शाम्पूचं पाणी. पहिला बराच वेळ जवळपास स्वच्छ राहतो. स्पिरिटमध्ये मेद विरघळतो, रंग बाहेर येतो. शाम्पूच्या रेणूलाही पाण्याचं डोकं आणि मेदाची शेपटी असते, तो थरात घुसून त्याची वीण उसवतो. इथे मात्र थोडा धीर धरावा लागतो. रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या, स्वतःचं पटल असलेल्या पिशवीत असतो, म्हणून बाहेर यायला त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात. परीक्षकांना हे आवर्जून सांगा.

गरम पाण्याचा ग्लास बरेच जण ठेवतात. साठ अंशांच्या पुढे रंग भराभर सुटतो खरा, पण उष्णतेने पटलातली प्रथिनंही बिघडतात, म्हणून फॉस्फोलिपिडच्या विषयाला मी तो ठेवणार नाही. धुण्याची पावडरही नको: अल्कधर्मी द्रावणात बिटाचा लाल रंग पिवळट पडतो.