बंगल्याच्या बागेचं खोदकाम : जेसीबी मागवावा की मिनी पोकलेन?

पुणे, नाशिक, अहिल्यानगर पट्ट्यात बंगल्याभोवती बाग करायची ठरली की ठेकेदार सवयीने तासावरचा जेसीबी बोलावतो. कंपाउंडची भिंत उठण्याआधी, मोकळ्या प्लॉटवर त्याला तोड नाही. पण घर उभं आहे आणि बाजूला जेमतेम तीन मीटर जागा उरली आहे, तिथे भाड्याचा तीन टनी मिनी पोकलेनच (पट्ट्यांवर चालणारं छोटं खोदयंत्र) घ्यावा. तो ट्रकवर चढवून आणावा लागतो, ते भाडं वेगळं पडतं. तरीही घ्यावा.

कारण वजन. नेहमीचा थ्री-डीएक्स जेसीबी साधारण साडेसात टनांचा आणि सव्वादोन मीटर रुंद. बाजूच्या पट्टीत तो शिरतो, पण वळत नाही. मग त्याच जागेत पुढे-मागे करत राहतो. काळी माती जराशी ओलसर असली तरी टायरखाली तिची घट्ट परत बसते. वरून लाल माती, शेणखत, लॉन सगळं छान दिसतं आणि पहिल्या पावसाळ्यात लॉनमध्ये पाणी तुंबतं. दोष मग माळ्याला किंवा लॉनच्या जातीला दिला जातो. खरा दोष खालच्या दाबल्या गेलेल्या थरात असतो. मिनी पोकलेन रबरी पट्ट्यांवर चालतो, वजन पसरतं, रुंदी दीड मीटरच्या आसपास. जागेवर पूर्ण गोल फिरतो, त्यामुळे चाकोरी पडत नाही. पुढच्या पात्याने भरावही सपाट करता येतो. जेसीबीच घ्यावा लागला तर काम फेब्रुवारी ते मे दरम्यान, माती कोरडी असताना करावं आणि शेवटी बकेटच्या दातांनी २५ ते ३० सेंटिमीटर खोल ओरखडून जमीन मोकळी करून घ्यावी.

मिनीची मर्यादाही स्पष्ट आहे. कठीण काळा पाषाण लागला की त्याचा दगड फोडणारा लहान ब्रेकर फार हळू चालतो. म्हणून मशीन ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी टिकावाने तीन फुटांचे खड्डे घेऊन मुरूम कुठे आणि दगड कुठे ते बघावं. ब्रेकरचा दर बकेटच्या दरापेक्षा वेगळा असतो, तो आधीच लिहून घ्यावा. तास गाडी निघाल्यापासून मोजणार की साइटवर पोचल्यापासून, हेही.

मातीचा हिशोब मालकाने स्वतः करावा. १००० चौरस फूट जागा ९ इंच खोल उतरवायची म्हणजे ७५० घनफूट, साडेसात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खणलेली माती फुगते. २५ ते ३० टक्के धरले तर साडेनऊ ब्रासच्या आसपास जाते. दोन ब्रासच्या टिपरच्या पाच खेपा. हा आकडा न काढता मशीन बोलावलं तर टिपरची वाट बघत मशीन उभं राहतं आणि मीटर चालू राहतो.

सगळ्यात जास्त नुकसान थर मिसळल्याने होतं. वरची १५ ते २० सेंटिमीटर माती आधी अलग काढून एका कोपऱ्यात रचावी आणि शेवटी तीच वर पसरावी. ऑपरेटरला सांगितलं नाही तर तो सरळ खोल बकेट मारतो आणि खालचा चुनखडीयुक्त मुरूम वर येतो. त्या जागी लावलेले एक्झोरा, अनंत, जास्वंद यांची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे कितीही युरिया घातला तरी उपयोग नाही, कारण झाडाला लोह मिळत नसतं. वरची माती अलग काढायला दातेरी नव्हे, सपाट धारेची रुंद बकेट मागावी. मिनीसोबत ती बहुधा मिळते, पण आधी सांगावं लागतं.

खोली जागेनुसार बदलते, म्हणून फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) आखणी करून प्रत्येक भागात खोली लिहावी. चालण्याच्या वाटेवर ६० मिलिमीटरचा पेव्हर, खाली ३० ते ४० मिलिमीटर क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि १५० मिलिमीटर दाबलेला मुरूम : म्हणजे २५ सेंटिमीटर. गाडी जाणार असेल तर पेव्हर ८० चा आणि मुरमाचा थरही जाड. भराव १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावा. एकदम दीड फूट भरून वरून दाबला की पेव्हर पहिल्याच पावसाळ्यात खचतो.

उतार घरापासून बाहेर, ५० ला १. जोत्यालगत तीन फूट लॉन नकोच. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतीला तडे जातात. पायाच्या तळापेक्षा खोल चर त्याच्या शेजारी कधीही घेऊ नये. पाणी तुंबणाऱ्या बाजूला फुटभर रुंद, दोन फूट खोल चर, १०० ला १ उतार, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), छिद्रांचा ११० मिलिमीटर पाइप आणि २० ते ४० मिलिमीटर खडी. कापड खडीभोवती पूर्ण गुंडाळावं, नाहीतर बारीक माती आत शिरून चर बुजतो. हा चर मिनीच्या ३० सेंटिमीटर बकेटने सरळ निघतो. जेसीबीची नेहमीची बकेट दोन फूट रुंद, म्हणजे खडी दुप्पट.

जुन्या झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली मशीन नेऊ नये, तिथे हाताने टिकाव-फावडंच. पाण्याची, ड्रेनेजची आणि विजेची लाइन फक्कीने दाखवून त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन फूट हाताने खणावं. शोषखड्डा दीड मीटरपेक्षा खोल जाणार असेल तर आयएस ३७६४ (खोदकामातल्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) प्रमाणे बाजूंना आधार देऊनच माणूस आत उतरवावा, आणि काढलेली माती काठापासून किमान मीटरभर लांब टाकावी.