गोव्यातून यॉट हलवायचीय: जहाजावर चढवायची की चालवत न्यायची?

मांडवीत नाहीतर शापोऱ्यात उभी असलेली ४५-५० फुटी मोटर यॉट दुसरीकडे न्यायची म्हटलं की तीन वाटा, रस्ता, स्वतःचं इंजिन, नाहीतर मालवाहू जहाजाचा डेक. रस्ता लगेच बाजूला काढा. गाडीची कायदेशीर रुंदी २.६ मीटर आणि एवढ्या यॉटची सव्वाचारच्या आसपास, वर फ्लायब्रिज (छतावरचा चालवायचा मजला), म्हणजे परवाने, पूल, विजेच्या तारा सगळंच आलं. छोटी स्पीडबोट असेल तर ट्रेलर बेस्ट, यॉटला नाही.

मुंबई किंवा कोचीपर्यंतच जायचं असेल तर माझं सरळ मत, चालवत न्या. मुरगावहून मुंबई साधारण सव्वादोनशे सागरी मैल, कोची साडेतीनशेच्या आसपास. २० नॉटला, म्हणजे ताशी २० सागरी मैल वेगाने, तासाला दीडशे लिटर डिझेल धरलं तर कोचीला २६०० लिटर लागतं, तेवढी टाकी बहुतेक यॉटना नसते, म्हणजे मध्ये कुठे भरणार ते आधी ठरवायला हवं. ८ नॉटने गेलात तर डिझेल बरंच वाचतं पण जवळजवळ दोन दिवस लागतात आणि रात्री मच्छीमारांची जाळी प्रोपेलरला अडकायची भीती, त्यासाठी किनारा ओळखणारा तांडेल सोबत असलाच पाहिजे. हे सगळं पावसाळा सोडून हां. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते आणि नारळी पौर्णिमेआधी कोणी शहाणा माणूस बाहेर काढत नाही. जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस कांदोळीच्या वाळूत रुतली ती किती वर्षं तिथेच होती ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि ते तर केवढं मोठं जहाज.

आखातात किंवा युरोपात न्यायची असेल तर मग जहाज. इंजिनाचे तास वाढत नाहीत, क्रू थकत नाही, हवामानाची टांगणी कमी. त्यातही दोन प्रकार. एक, अर्धं बुडणारं जहाज, ज्याच्या पोटात यॉट तरंगत आत जाते, डायव्हर खाली आधार बसवतात आणि मग पाणी बाहेर काढतात. उचलायची भानगडच नाही, म्हणून यॉटला सगळ्यात सौम्य. पण ही जहाजं मुख्यतः भूमध्य समुद्र, कॅरिबियन, फ्लोरिडा अशा ठरलेल्या मार्गांवर फिरतात, आपल्या दारात येतील असं धरून चालू नका. दुसरा, क्रेनने उचलून डेकवर क्रेडलमध्ये, म्हणजे यॉटच्या आकाराच्या आधाराच्या चौकटीत, ठेवणं, आणि गोव्यातून निघणाऱ्याला खरा पर्याय हाच.

इथे लोक फक्त भाड्याची तुलना करतात आणि फसतात. खरी गोष्ट वजनाची आणि क्रेडलची आहे. आमच्या ओळखीतल्या एका यॉटचं वजन कॅटलॉगमधून १५ टन लिहून दिलं, प्रत्यक्षात डिझेल, पाणी, जनरेटर, डिंगी (सोबतची छोटी होडी) सगळं धरून क्रेनच्या काट्यावर १९ आलं आणि उचलणं तिथेच थांबलं, पूर्ण दिवस गेला. त्यामुळे खरं वजन काढा. यॉट जमिनीवर असतानाच शाफ्ट (प्रोपेलरचा दांडा), स्टॅबिलायझर (डुलणं कमी करणारे पंख), ट्रान्सड्यूसर (खोली मोजणारा सेन्सर) यांचे फोटो काढून स्लिंग, म्हणजे उचलायचे पट्टे, कुठे बसणार त्याच्या खुणा हलवर (यॉटच्या बाहेरच्या कवचावर) करा, कारण मांडवीच्या गढूळ पाण्यात डायव्हरला काय दिसणार. स्लिंग शाफ्टवर आली तर शाफ्ट वाकलाच समजा. वर स्प्रेडर बीम, म्हणजे पट्टे एकमेकांपासून लांब धरणारी आडवी तुळई, हवाच, नाहीतर पट्टे आत ओढले जाऊन कडा दाबल्या जातात.

क्रेडलला पैसे वाचवू नका, हे मी कळकळीने सांगतो. वजन कीलवर (तळाच्या मधल्या कण्यावर), बाजूचे पॅड फक्त तोल सांभाळायला आणि तेसुद्धा आतल्या बल्कहेडच्या (आडव्या भिंतीच्या) रेषेत. मे २०१९ मध्ये माय साँग नावाची सुमारे १३० फुटी शिडाची यॉट भूमध्य समुद्रात जहाजाच्या डेकवरून पडली तेव्हा वाहतूक करणाऱ्यांनी कारण सांगितलं ते क्रेडल कोसळल्याचं. आपल्याकडे बार्ज बांधणारे वेल्डर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतायत, ड्रॉइंग द्या आणि समोर उभं राहून करून घ्या.

विम्याचंही तसंच. नेहमीची हल पॉलिसी यॉट माल म्हणून जाताना चालेलच असं नाही, वेगळी ट्रान्झिट पॉलिसी घ्या. डेकवरचा माल म्हणून बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे जहाजवाल्याच्या मालाच्या पावतीत, लिहिलं गेलं की जहाजवाल्याची जबाबदारी फार कमी उरते. आणि जनरल अ‍ॅव्हरेज, म्हणजे जहाज संकटात सापडलं तर वाचवायचा खर्च जहाजवाला आणि सगळे मालवाले यांच्यात वाटला जातो. २०२१ ला सुएझमध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज अडकलं तेव्हा तेच जाहीर झालं होतं.

बाकी तयारी सोपी पण चुकवू नका. डिझेल कमी, पाण्याच्या आणि मैल्याच्या टाक्या रिकाम्या, गॅस सिलिंडर बाहेर, अँटेना आणि बिमिनी (उन्हासाठीचं कापडी छत) उतरवून आत बांधलेलं, फ्रीज रिकामा. ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र, सगळे विसरतात, तो ब्रॅकेटमधून निघून पाणी लागलं की आपोआप सुरू होतो, तेव्हा काढून कोरड्या पिशवीत. श्रिंक रॅप (यॉटभोवती घट्ट बसवायचं प्लास्टिकचं वेष्टन) मला पटत नाही, आपल्या दमट हवेत आत बुरशी धरते आणि फाटलं तर वाऱ्यात आपटून जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) घासतं, त्यापेक्षा जाड मेण लावा, धुराची काजळी नंतर धुऊन निघते. बॅटरी काढल्यावर बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) चालणार नाही, म्हणून कॉकपिटचे ड्रेन साफ ठेवा आणि ड्रेन प्लग काढून किल्लीलाच बांधून ठेवा, कारण पलीकडे उतरवताना यॉट पाण्याला टेकायच्या आधी तोच पहिला परत बसवायचा असतो, मग स्लिंग सैल करायच्या आधी आत उतरून सीकॉक (हलमधून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोट्या) बघायचे, पाणी येत नाही याची खात्री झाली की मगच क्रेनवाल्याला हात दाखवायचा.