फोंड्याच्या स्वयंपाकघरात दिंडोरी शिराझ: आठ महिन्यांनंतर

डिसेंबरपासून जुलैअखेरपर्यंत गोव्यातल्या आमच्या घरी सुला दिंडोरी रिझर्व्ह शिराझ या रेड वाईनच्या अकरा बाटल्या संपल्या. पिणारे तिघं: मी, माझा नवरा आणि सुट्टीला येणारे भावोजी. पहिल्या बाटलीनंतर लगेच लिहायला बसले असते, तर ‘जळजळीत आहे, पुन्हा आणणार नाही’ असं लिहून मोकळी झाले असते.

खरं तर वाईनचा दोष नव्हता. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं ऐकलं होतं, म्हणून कपाटातून काढली आणि सरळ ग्लासात ओतली. पण ते तापमान थंड देशांतल्या घरांचं, 16 ते 18 अंश. आमचं स्वयंपाकघर डिसेंबरच्या दुपारीही 30 अंशांवर असतं. इतक्या उबेत दारूचा झणका आधी नाकात जातो आणि फळाचा वास दबतो. दह्यासाठी घेतलेला थर्मामीटर वापरून मी पाहिलं: फ्रिजमध्ये अर्धा तास गोव्यात अजिबात पुरत नाही, दीड ते दोन तास लागतात. घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं. पाणी हवंच, नुसत्या बर्फाचा गारवा बाटलीला सगळीकडून लागत नाही.

नीट गार झालेली ही वाईन वेगळीच आहे. रंग पिकलेल्या जांभळाचा. तुरटपणाही जांभळासारखाच, जीभ आणि हिरड्या आवळून धरणारा. तो द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. ओकच्या पिंपात मुरल्यामुळे मागून किंचित व्हॅनिलासारखा, भाजका वास येतो. आणि मिरी! हा भास नाही. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच.

म्हणूनच मटणाच्या शागुतीशी तिचं इतकं जमतं. शागुतीत मिरी, लवंग, दगडफूल, खसखस आणि खरपूस भाजलेलं खोबरं असतं. टॅनिन एरवी आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंड कोरडं करतं. मटणाचा घास तोंडात असला की ते मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला धरतं, आणि तोच तुरटपणा मऊ लागतो. घास, घोट, पुन्हा घास असं करत गेलं की शागुतीतली लवंगसुद्धा वेगळी कळते. फक्त मिरची कमी करावी लागली. दारूमुळे तिखटाची आग वाढते, त्यामुळे आता मी रंगासाठी काश्मिरी मिरची घालते आणि झणझणीत मिरच्या निम्म्याच ठेवते.

भावोजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, आणतात. पोयी (गोव्याचा पाव), कांदा आणि चोरीस यांच्यासोबत वाईन बरी लागते, कारण मीठ आणि चरबी तुरटपणा झाकतात. पण चोरीस फार तिखट निघाले तर दोन घोटांतच तोंड पेटतं.

नुस्त्याबरोबर, म्हणजे माशांबरोबर, मात्र नकोच. तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण (माशाची आमटी) होतं, त्या दिवशी उरलेली अर्धी बाटली काढली. तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव आली. वाईनमधलं लोह आणि तेलकट माशातली चरबी एकत्र आली की असं होतं. सासूबाईंनी एकच घोट घेतला आणि ग्लास बाजूला सारला. “हें हुमणावांगडा बरें लागना गो.” बेबिंकाबरोबरही तेच, गोडाच्या पाठोपाठ वाईन कडवट आणि आंबट लागते.

एक बाटली बिघडलेली निघाली. ज्या दुकानातून घेतली तिथे ती उन्हाच्या काचेजवळ उभी होती. शिजवलेल्या मनुकांचा वास, चव बसलेली. तेव्हापासून आतल्या, अंधाऱ्या फळीवरचीच मागते. गोव्याच्या उष्म्यात घरी साठा करू नये. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते, उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरली तर आणखी एखादा दिवस. त्यानंतरची मी विंदालूच्या वाटपात ओतते. विंदालूचं मूळ असलेल्या पोर्तुगीज पदार्थात वाईन आणि लसूणच असायची, आपल्याकडे तिच्या जागी माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा, विनेगर आला.

सगळ्यात मोठा आनंद जुलैत मिळाला. पावसात रोयणीवरची, म्हणजे वारुळावर उगवणारी, अळमी बाजारात आली. महाग असतात, शिवाय रानातून ओरबाडून आणलेली घ्यावी का, हा प्रश्न मला दरवर्षी छळतो. यंदा एकच वाटा घेतला आणि मटणाच्याच मसाल्यात शागुती केली. अळम्यांबरोबर तुरटपणा वाढेल अशी धास्ती होती. पण खोबऱ्याच्या तेलाने तो सांभाळला, आणि अळम्यांचा ओल्या मातीचा वास वाईनमध्ये असा मिसळला की आम्ही तिघंही जेवताना गप्प झालो.

आता श्रावण लागलाय. चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत घरात मटण नाही आणि वाईनही नाही. बारावी बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवली आहे.