क्रिझमचा ‘रिझॉल्व्ह’ : क्वेझारचा वारा मोजायला हा डेटा कसा आहे?

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातून सुटणारे वेगवान वारे मोजायचे असतील आणि वर्णपटातल्या लोहाच्या रेषांवर काम असेल, तर सरळ रिझॉल्व्हचा डेटा घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये तानेगाशिमाहून सुटलेल्या क्रिझम या क्षकिरण दुर्बिणीवरचं वर्णपट घेणारं हे उपकरण ५० मिलिकेल्व्हिनला चालतं. ६ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेला त्याची विभेदनक्षमता सुमारे ४.५ ईव्ही, म्हणजे वेगाच्या हिशेबात २२५ किमी प्रति सेकंद. सीसीडी या नेहमीच्या क्षकिरण कॅमेऱ्याचा हाच आकडा सात हजारांच्या घरात जातो. पीडीएस ४५६ या क्वेझारमध्ये (अतितेजस्वी सक्रिय केंद्रात) सीसीडीला वर्णपटात एकच रुंद खळगा दिसायचा. रिझॉल्व्हने तिथे प्रकाशवेगाच्या २० ते ३० टक्के वेगाचे पाच सुटे प्रवाह दाखवले. वारा सलग वाहत नाही, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी सुटतो, हे त्यातून कळलं.

मोठी उणीव एकच, पण खरी. उपकरणाच्या तोंडावरची झडप उघडली नाही, त्यामुळे क्षकिरण बेरिलियमच्या खिडकीतूनच आत येतात आणि १.७ केईव्हीखाली हाती काही लागत नाही. ऑक्सिजन, निऑनच्या रेषा आणि त्यांतून दिसणारे संथ वारे हवे असतील तर एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीवरच्या आरजीएस या वर्णपटमापकाचा डेटा जोडीला लागतोच.

डेटा हीसार्क आणि डार्ट्स या संग्रहांवरून मोफत उतरवता येतो, मात्र तयारी काटेकोर हवी. पिक्सेल १२ कॅलिब्रेशनचा आहे आणि २७चा गेन (संकेतावरून ऊर्जा ठरवणारं प्रमाण) अचानक सरकतो; दोन्ही वगळा. वर्णपटाला फक्त एचपी, म्हणजे सर्वोत्तम विभेदनाच्या दर्जाच्या घटना (टिपलेले फोटॉन) घ्या. मंद स्रोतात एलएस, म्हणजे कमी विभेदनाच्या घटना बहुतेक खोट्या असतात, म्हणून आरएमएफ (उपकरणाचा ऊर्जेला मिळणारा प्रतिसाद सांगणारी फाईल) बनवण्याआधीच त्या काढून टाका. राहिल्या तर एचपीचं प्रमाण कमी धरलं जातं आणि स्रोत आहे त्याहून तेजस्वी निघतो. रेषांसाठी एल आकाराचा आरएमएफ पुरतो; एक्स आकाराचा फार जड आहे, तो शेवटच्या फिटला ठेवा. बिनिंग (ऊर्जेचे कप्पे पाडणं) ऑप्टिमल पद्धतीचं आणि फिटसाठी सी-स्टॅट ही कमी काउंटना चालणारी सांख्यिकी वापरा. काय-स्क्वेअरच्या सवयीने २०-२० काउंट एकत्र केलेत तर अरुंद रेषा तिथेच पुसली जाते, मग या उपकरणाचा उपयोग काय?

सर्वाधिक चुका वेग काढताना होतात. पीडीएस ४५६चा रेडशिफ्ट (दूर जाण्यामुळे होणारी रेषांची तांबडी सरक) ०.१८४. हायड्रोजनसदृश (एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या) लोहाचा वायू ०.२५ सी, म्हणजे प्रकाशवेगाच्या पाव वेगाने आपल्याकडे आला, तर त्याची ६.९७ केईव्हीची रेषा क्वेझारच्या चौकटीत ९.० आणि आपल्याला ७.६ केईव्हीला दिसते. एक्सस्पेक या फिटिंगच्या प्रोग्राममधल्या शोषकाचा झेड (रेडशिफ्ट) येतो −०.०८३. त्यातून ०.१८४ नुसतं वजा केलं की ०.२६७ सी मिळतं, आणि ते चूक आहे. दोन्हींत एक मिळवून ०.९१७ला १.१८४ने भागा, ०.७७४५ येईल, त्यावर सापेक्षतेचं डॉप्लर सूत्र लावलं की बरोबर ०.२५ निघतं. सीसीडीच्या काळात एवढी चूक खपून जायची. इथे ती पाच हजार किमी प्रति सेकंदांची आहे, म्हणजे उपकरणाच्या क्षमतेच्या वीसपटीहून जास्त.

एक्सस्टार या आयनित वायूच्या मॉडेलची सारणी वापरताना ती किती टर्ब्युलन्सला (वायूतल्या खळबळीच्या वेगाला) बनवली आहे ते आधी पाहा. २०० किमी प्रति सेकंदांची सारणी हजारो किमी प्रति सेकंद रुंद रेषेला लावली की रेषा लवकर संपृक्त होते आणि खोली गाठण्यासाठी फिट स्तंभघनता (दृष्टिरेषेवरचा एकूण वायू) वाढवत नेतं. आयनीभवनाचा समतोल स्रोताच्या स्वतःच्या एसईडीवर (सर्व ऊर्जांतल्या प्रकाशाच्या वाटणीवर) ठरतो, तेव्हा तयार सारणीपेक्षा स्पेक्स या प्रोग्राममधलं पियॉन मॉडेल बरं; वेळ बराच खातं, पण समतोल फिटमधल्या सलग वर्णपटावरूनच काढतं.