जपानमध्ये रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं?

जपानला निघालेल्यांना हमखास ऐकायला मिळतं, 'आधी जेआर पास काढा.' म्हणजे जपान रेल्वेच्या (जेआर) गाड्यांनी ठरावीक दिवस हवं तेवढं फिरू देणारा पास. ऑक्टोबर २०२३ आधी हा सल्ला बरोबरच होता. सात दिवसांचा साधा पास तेव्हा २९,६५० येनला मिळायचा. त्या महिन्यात तो एकदम ५०,००० झाला आणि सगळा हिशेबच उलटला.

टोकियो ते क्योटो नोझोमी या सर्वांत जलद बुलेट ट्रेनचं आरक्षित तिकीट साधारण १४,००० येन. जाऊन-येऊन २८,०००. एवढाच प्रवास असेल तर पास घेणं म्हणजे २२,००० येन पाण्यात. टोकियोहून थेट हिरोशिमा गाठून परत आलात, तरी सुटी तिकिटं चाळीस हजारांच्या आत बसतात. पास वसूल होतो तो त्याच सात दिवसांत आणखी एक मोठी फेरी केली तर, उदाहरणार्थ कानाझावा शहराची. पण सात दिवसांत एवढी पळापळ आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असताना करू नका.

शिवाय नोझोमीला पास तसाच चालत नाही. टोकियो–क्योटोसाठी दर खेपेला ४,९६० येन वर द्यावे लागतात. हिकारी या थोड्या हळू बुलेट ट्रेनला वरचे पैसे नाहीत, पण सव्वादोनऐवजी सुमारे २ तास ४० मिनिटं लागतात आणि गाड्याही कमी.

मुक्काम ओसाकात असेल, तर पाच दिवसांचा कान्साई-हिरोशिमा पास बघा. १७,००० येनमध्ये शिन-ओसाका ते हिरोशिमा बुलेट ट्रेन, नोझोमीसुद्धा, आणि हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआर बोटही येते. एक मेख आहे: क्योटो ते शिन-ओसाका बुलेट ट्रेन त्यात नाही. तेवढं अंतर साध्या जलद लोकलने अर्ध्या तासात कापा.

सुट्या तिकिटांत लोक अडकतात ते स्टेशनच्या गेटवर. बऱ्याचदा दोन कागद मिळतात, एक भाड्याचा, दुसरा जलद गाडीच्या अधिभाराचा. दोन्ही एकत्र गेटच्या फटीत घाला. एकच घातला तर गेट बंद होतं.

आणि बॅग घरीच टेपने मोजा, चाकं-मूठ हिशेबात धरून. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटीमीटरवर गेली, तर टोकियो–ओसाका–हिरोशिमा मार्गावर सामानाच्या जागेची सीट आधी आरक्षित करावी लागते. ती फुकट मिळते. न करता चढलात तर १,००० येन.